छोट्या राइट्सचा वेळ नक्की कुठे जातो? तीन सर्व्हर, तीन कॉपी आणि सकाळची रांग

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या सर्व्हरचं काम मी बघतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक उत्पादकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) अशी एक नोंद होते आणि पावती छापून त्याच्या हातात पडते. नोंद म्हणजे जेमतेम दोनशे अक्षरं.

दिवाळीनंतर जुना एकटा सर्व्हर काढून तीन नवे घेतले. प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं), त्यावर सेफ (डेटाच्या कॉपी वेगवेगळ्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणारं), प्रत्येक सर्व्हरमधे ४ एसएसडी, मधे १० गिगाबिटचं नेटवर्क आणि सगळ्या डेटाच्या ३ कॉपी. एक सर्व्हर गेला तरी केंद्रं थांबू नयेत, एवढाच हेतू होता आणि तो साधला. डेटाबेस ज्यावर नव्हता अशा एका सर्व्हरची वीज मुद्दाम काढून पाहिली, अर्ध्या मिनिटात काम पुढे सुरू झालं.

पण वेग! मोठी फाइल टाकली की सेकंदाला पाचशे-सहाशे एमबी मिळतात. पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या नोंदी मात्र एका कनेक्शनवरून सेकंदाला १५०-१६० च्या वर जात नाहीत. जुना सर्व्हर आठ वर्षांचा होता, साधं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) होतं, तरी तो हजारांत जायचा. सकाळी साडेसहा ते आठ केंद्रावरून फोन येत राहतात, "सर, पावती यायला वेळ लागतोय, रांग वाढलीय." शिवाय मधूनच दोन-तीन मिनिटं सगळं जवळपास ठप्प होतं आणि मग आपोआप सुटतं. याचा उलगडा तर अजिबात होत नाही.

विक्रेता सांगतो २५ गिगाबिटची कार्डं आणि स्विच घ्या. संचालक मंडळापुढे खर्च मांडायच्या आधी इथे विचारतोय. वेळ नक्की कुठे जातो?

रात्रपाळी_नागपूर

आमच्या हॉस्पिटलच्या सेटअपमधे सेम टू सेम. बसून वाचतोय.

मिताली_क

पंचगंगा, एका राइटचा (डिस्कवर एकदा लिहिण्याचा) प्रवास पाहू या. तुमच्या व्हीएमने ४ केबीचा तुकडा लिहायला दिला. तो आधी प्रायमरी ओएसडीकडे जातो (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्राम, प्रायमरी म्हणजे त्या तुकड्यापुरता मुख्य). प्रायमरी तो स्वतःच्या डिस्कवर लिहायला घेतो आणि त्याच वेळी उरलेल्या दोन सर्व्हरवरच्या ओएसडींना पाठवतो. तिन्ही डिस्कवर पक्कं लिहून झालं, दोघांचे होकार प्रायमरीकडे परत आले, की मगच व्हीएमला "झालं" असं कळतं. म्हणजे वेग ठरतो तो तिघांतल्या सर्वात सावकाश डिस्कवर.

आता पोस्टग्रेस कमिटच्या (नोंद पक्की करण्याच्या) वेळी एफसिंक (डिस्कवर खरंच उतरल्याची हमी) मागतो आणि उत्तर येईपर्यंत ते कनेक्शन थांबून राहतं. एकामागून एक असं काम असेल तर हिशोब सरळ आहे. एका राइटला १ मिलिसेकंद लागला तर सेकंदाला १०००. तुमच्याकडे १६० होतात, म्हणजे प्रत्येकाला साधारण ६ मिलिसेकंद लागतायत. मोठ्या फाइलच्या वेळी शेकडो राइट्स एकाच वेळी वाटेत असतात, म्हणून तिथे हा उशीर दिसत नाही.

प्रश्न असा की हे ६ मिलिसेकंद वायरवर जातायत, सीपीयूत की डिस्कवर.

केबलवाला

विक्रेता बरोबर सांगतोय. रेप्लिकेशन म्हणजे नेटवर्कवर दुप्पट-तिप्पट वाहतूक. आम्ही १ वरून १० गिगाबिटवर गेलो तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. २५ घ्या, पुढची पाच वर्षं बघावं लागणार नाही.

मिताली_क

केबलवाला, तुमचा फरक खरा असणार, पण तो मोठ्या फाइल्सचा आणि रिकव्हरीचा असणार. १ गिगाबिटची वायर सेकंदाला ११५-१२० एमबीलाच भरते, तिथे १० घेतलंच पाहिजे. छोट्या राइटचा आकडा काढून बघा. ४ केबी म्हणजे ३२,७६८ बिट. ते वायरवर चढवायला १ गिगाबिटवर ३३ मायक्रोसेकंद लागतात, १० वर सव्वातीन, २५ वर सव्वा. म्हणजे १० वरून २५ वर गेल्यावर प्रत्येक उडीला दोन मायक्रोसेकंद वाचतात. यांचे जातायत सहा हजार.

केबलवाला

हे असं मांडून पाहिलं नव्हतं. मान्य. तरी स्विचमधे पॅकेट पडतायत का आणि एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सगळीकडे सारखा आहे का, एवढं तपासाच. एक जरी पॅकेट पुन्हा पाठवावं लागलं तरी टीसीपी दोनशेक मिलिसेकंद थांबू शकतं.

सुमन_आजगावकर

मी या क्षेत्रातली नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण मिताली, तुझं वाचून आमची भिशी आठवली. पैशांवरून एकदा वाद झाला आणि तेव्हापासून हिशोब तीन जणींच्या वह्यांत ठेवायचं ठरलं. तिघींनी आपापल्या वहीत लिहून सही केल्याशिवाय "मिळाले" म्हणायचं नाही. त्यातली एक जण चष्मा शोधण्यात पाच मिनिटं घालवायची आणि बाकी सगळ्या ताटकळत उभ्या. हेच ना?

मिताली_क

आजी, अगदी हेच. आणि पंचगंगांच्या क्लस्टरमधे चष्मा कुठे हरवलाय, तेच शोधायचंय.

जुना_सिसॅडमिन

जर्नल वेगळ्या फास्ट एसएसडीवर काढा. सेफमधे प्रत्येक राइट दोनदा होतं, आधी जर्नल आणि मग डेटा.

फ्रांकफुर्टकर

काका, ते फाइलस्टोअरच्या, म्हणजे सेफच्या जुन्या साठवण पद्धतीच्या काळातलं. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून ब्लूस्टोअर ही नवी पद्धत डिफॉल्ट आहे, त्यात प्रत्येक राइटचं तसं जर्नल नाही. छोट्या राइट्सची माहिती मात्र अजूनही रॉक्सडीबी या त्याच्या आतल्या छोट्या डेटाबेसच्या लॉगमधे आधी जाते. म्हणून फिरत्या डिस्क असतील तर तो लॉग एनव्हीएमईवर (जलद एसएसडीवर) ठेवायचा फायदा मोठा. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद घेते, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४. पण इथे सगळ्याच एसएसडी आहेत.

पंचगंगा, माझा एकच प्रश्न. एसएसडी कोणत्या दर्जाच्या आहेत? कंपनी नको, पण त्यात वीज गेल्यावर आधार देणारे कपॅसिटर आहेत का? डेटाशीटमधे "पॉवर लॉस प्रोटेक्शन" असं लिहिलेलं असतं.

पंचगंगा_काठ

डेटाशीट पाहिलं. तसा शब्द कुठेच नाही. विक्रेत्याने "एसएसडी म्हणजे एसएसडीच" म्हणून लॅपटॉपमधे लावतात तशा दिल्यात. बॉक्सवर सेकंदाला ९०,००० राइट्स छापलंय.

फ्रांकफुर्टकर

मग चष्मा सापडला, असं मला वाटतं.

तो ९०,००० चा आकडा ड्राइव्हच्या आतल्या कॅशमधे मिळालेला आहे, तोही अनेक राइट्स एकदम दिल्यावर. सेफ मात्र प्रत्येक वेळी विचारतं, "वीज आत्ता गेली तर हे टिकेल का?" कपॅसिटर नसलेल्या ड्राइव्हला याचं खरं उत्तर द्यायचं तर कॅश रिकामी करून फ्लॅश चिपवर लिहावंच लागतं आणि त्याला मिलिसेकंद लागतात. कपॅसिटर असलेला ड्राइव्ह कॅशमधे घेतल्याबरोबर "हो" म्हणू शकतो, कारण वीज गेली तरी कॅशमधलं उतरवून घेण्याइतका साठा त्याच्याकडे असतो. तुमच्या जुन्या रेड कार्डावर बहुधा बॅटरी असणार. तो हजारांत जायचा त्याचं कारण हेच.

खात्री करायची तर सुटी एसएसडी घेऊन एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवा. रँडम राइट, ब्लॉक ४ के, आयओडेप्थ १, जॉब १, डायरेक्ट १, सिंक १, म्हणजे एक राइट पक्कं झाल्यावरच पुढचं. निदान एक-दोन मिनिटं तरी चालू द्या. कच्च्या डिस्कवर ही चाचणी सगळा डेटा पुसते, चालू ओएसडीवर करू नका. कपॅसिटरवाला ड्राइव्ह दहा हजारांच्या पुढे जातो. साधा काही शेकड्यांत किंवा फार तर हजार-दोन हजारांत अडकतो.

मराठी_शब्द

चर्चा छान चालली आहे. अवांतर: "राइट"ला "लेखन", "रेप्लिकेशन"ला "प्रतिकरण" का वापरू नये? आपणच वापरले नाहीत तर रुळणार कसे?

रात्रपाळी_नागपूर

"प्रतिकरण" आवडला. पण पहाटे तीनला डोळे चोळत लॉग वाचताना तिथे "राइट" दिसतं, तेव्हा तोंडातही तेच येतं. माझ्या ज्युनियरला "लेखन अडकलंय" सांगितलं तर तो पेन शोधायला जाईल :)

कृष्णाकाठ

भावा, एवढी झंझट कशाला? व्हीएमचा कॅश मोड "अनसेफ" कर, नाहीतर पोस्टग्रेसमधे एफसिंक ऑफ कर. कॉपी तीनच्या दोन कर. वेग दहापट. आमच्या इथे दीड वर्ष चाललंय, काय झालं नाही.

अनुजा_ठाणे

कृष्णाकाठ, कळकळीने सांगते, असं करू नका आणि दुसऱ्यालाही सुचवू नका.

मी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. आमच्या आधीच्या माणसाने वेग वाढवायला एफसिंक बंद केला होता. पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपलेली आणि सर्व्हर आडवा झाला. परत चालू केल्यावर डेटाबेस उघडेचना. एफसिंक बंद असला की शेवटच्या थोड्या नोंदी जातात एवढ्यावर भागत नाही. पानं अर्धी जुनी, अर्धी नवी राहतात, इंडेक्स एक सांगतो आणि टेबल दुसरं. आदल्या रात्रीचा बॅकअप लावला आणि गेलेला दिवस परत उभा करायला आम्ही चौघं पिग्मी एजंटांच्या घरोघर गेलो, कार्बन कॉपीच्या चिठ्ठ्या गोळा करत. एक आजीबाई होत्या, भाजी विकणाऱ्या. रोज पन्नास रुपये भरायच्या. त्यांची चिठ्ठी भिजून गेली होती. एजंट म्हणाला "भरले होते", म्हणून आम्ही धरले. पण तो नसता तर? ते पन्नास रुपये आमच्या संगणकाने "मिळाले" म्हणून सांगितलेले होते.

पंचगंगांकडे पावती शेतकऱ्याच्या हातात जाते. पावती छापली गेली याचा अर्थ ती नोंद काहीही झालं तरी राहील. तो शब्द स्वस्तात आणि पटकन कसा पाळता येईल ते शोधू या.

दोन कॉपींबद्दलही सांगते. एक ओएसडी गेला की एकच कॉपी उरते. दुसरी तयार होईपर्यंत त्या उरलेल्या डिस्कवर एक सेक्टर जरी वाचता आला नाही, तरी तो डेटा गेला. आणि किमान कॉपी १ वर ठेवून लिहायला परवानगी दिलीत, तर खरी ताजी प्रत कोणती हाच वाद उभा राहू शकतो. ३ कॉपी आणि किमान २ हेच ठेवा.

कृष्णाकाठ

ताई, वाचून गप्प झालो. आजच एफसिंक परत चालू करतो. यूपीएसची बॅटरी पण तपासून घेतो.

पंचगंगा_काठ

अनुजाताई, तुमचा अनुभव काल संघाच्या व्यवस्थापकांना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "आपलं तसलं काही चालू नाही ना?" नाही, एफसिंक आमच्याकडे चालूच आहे.

आता आकडे. सुटी एसएसडी, फ्रांकफुर्टकरांनी सांगितलेलीच चाचणी: सुरुवातीला ९००, मिनिटाभरात घसरून ४२० वर स्थिर. जुन्या सर्व्हरमधून काढलेली एक सर्व्हर दर्जाची एसएसडी होती, तीवर: १८,०००. दोनदा करून पाहिलं.

पण ४२० म्हणजे अडीच मिलिसेकंद. मग सहा कसे होतात?

फ्रांकफुर्टकर

कारण ब्लूस्टोअरमधे एका राइटला एकदाच फ्लश (कॅश रिकामी करून पक्कं लिहिणं) होऊन भागतंच असं नाही. आधी डेटा पक्का करावा लागतो, मग रॉक्सडीबीचा लॉग. त्यात तिघांमधला सर्वात उशिराचा धरायचा. अडीचचे सहा सहज होतात.

मिताली_क

आणि ते मधूनच ठप्प होणं राहिलंच. "सेफ ओएसडी पर्फ" ही कमांड गर्दीच्या वेळी चार-पाचदा चालवून कमिट लेटन्सी बघा. सगळे ओएसडी सारखे आहेत का?

पंचगंगा_काठ

आज सकाळी सात वाजता पाहिलं. अकरा ओएसडी ५ ते ८ च्या आसपास. सात नंबरचा ओएसडी कधी ४०, कधी ११०! पण बारातला एकच खराब असेल तर सगळं कसं ठप्प होईल? कधीतरी एखादी नोंद अडकायला हवी ना?

मिताली_क

या धाग्यातला मला सर्वात आवडलेला प्रश्न. नीट बघू.

तुमच्या प्रत्येक डेटाची एक कॉपी प्रत्येक सर्व्हरवर असते. सात नंबरवाल्या सर्व्हरवर ४ ओएसडी, म्हणजे साधारण चौथ्या हिश्शाच्या डेटाची एक कॉपी त्या आजारी डिस्कवर. राइट्स सगळीकडे विखुरलेले असते तर चारातलं एक अडकलं असतं.

पण पोस्टग्रेस कमिटच्या वेळी विखुरलेलं लिहीत नाही. तो आपल्या लॉग फाइलमधे एकापुढे एक लिहितो. ती फाइल १६ एमबीची. सेफमधे व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या ऑब्जेक्टमधे चिरलेली असते आणि एक ऑब्जेक्ट म्हणजे ठरलेले तीन ओएसडी. म्हणजे लॉगचा ४ एमबीचा तुकडा भरेपर्यंत सगळ्या केंद्रांचं प्रत्येक कमिट त्याच तीन डिस्कवर जातं. त्या तिघांत सात नंबर आला की अख्खा संघ त्याच्यामागे रांगेत. तुकडा भरला, पुढचा दुसऱ्या तिघांवर गेला, की "आपोआप" सुटतं.

रात्रपाळी_नागपूर

अरे देवा. आमच्याकडे रोज रात्री औषधांची बिलं दहा मिनिटं अडकतात. मी दोन महिने नेटवर्कवाल्यांशी भांडतोय. उद्या पहिलं काम हेच.

जुना_सिसॅडमिन

सात नंबरची प्रायमरी अॅफिनिटी शून्य करा, म्हणजे तो प्रायमरी होणार नाही, तात्पुरतं भागेल.

मिताली_क

काका, त्याने वाचन सुधारेल, कारण वाचायला एरवी प्रायमरीच पुढे असतो. लिहिताना मात्र तिघांचाही होकार लागतो, प्रायमरी असो वा नसो. त्याला बाहेरच काढावं लागेल. संध्याकाळचं संकलन संपल्यावर "आउट" करा, डेटा त्याच सर्व्हरवरच्या उरलेल्या तिघांवर सरकू द्या. तेवढी जागा आहे ना, ते आधी बघा.

पंचगंगा_काठ

जागा आहे, निम्म्याहून जास्त रिकामं आहे. आज रात्री करतो.

सुमन_आजगावकर

मला यातलं निम्मं कळलं नाही, पण सात नंबरचं काय झालं ते सांगायला विसरू नका.

पंचगंगा_काठ

आजी, सात नंबर बाहेर काढला. गेले चार दिवस एकदाही ठप्प झालं नाही. वेग तोच १६०, पण सलग. २५ गिगाबिटचा प्रस्ताव मागे घेतला आणि त्याऐवजी कपॅसिटरवाल्या १२ एसएसडींची मागणी ठेवली. खर्च जवळपास तेवढाच. मंजूर झाला.

अनुजा_ठाणे

ड्राइव्ह येईपर्यंत अॅप्लिकेशनकडेही बघा. एका नोंदीला किती कमिट होतात? आमच्याकडे एका पिग्मीच्या हप्त्याला पाच होत होते. हप्ता, शिल्लक, एजंटचा हिशोब, लॉग, एसएमएसची रांग. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमधे घेतलं आणि पाचाचा एक एफसिंक झाला.

आणि पोस्टग्रेसमधे "सिंक्रोनस कमिट" प्रत्येक ट्रान्झॅक्शनसाठी वेगळं ठरवता येतं. ते बंद केलं तर सर्व्हर पडल्यावर शेवटच्या क्षणांच्या नोंदी जाऊ शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही. एफसिंक बंद करण्यात आणि यात हाच मोठा फरक. म्हणून लॉगइनच्या नोंदी, भिंतीवरच्या स्क्रीनचे आकडे असल्या टेबलांसाठी बंद ठेवा. पावतीच्या नोंदीला कधीच नाही.

पंचगंगा_काठ

मोजलं. एका पावतीला चार कमिट. प्रोग्रामर पोरगा चांगला आहे, दोन दिवसांत एकावर आणलं. ड्राइव्ह यायच्या आधीच केंद्रांचे फोन निम्म्यावर आलेत.

गोंयकार_७८

आमच्याकडे पणजीत दोनच सर्व्हर आहेत, तिसऱ्याचं बजेट नाही. दोनावर सेफ चालेल का?

फ्रांकफुर्टकर

दोनावर सेफ नको. दोन सर्व्हरच्या डिस्क सारख्या ठेवणारं डीआरबीडी बघा, २०१० पासून लिनक्स कर्नेलमधेच आहे. त्यात किती थांबायचं ते तुम्ही ठरवता. प्रोटोकॉल सी म्हणजे समोरच्याच्या डिस्कवर पोचल्यावरच होकार. बी म्हणजे समोरच्याच्या मेमरीत पोचलं की. ए म्हणजे इथल्या डिस्कवर लिहिलं आणि तिकडे पाठवायला दिलं की. पैशांचा किंवा पेशंटचा डेटा असेल तर सी. कोण मालक यावर दोघांचा वाद होऊ नये म्हणून तिसरं छोटं मशीन निव्वळ मत द्यायला ठेवा.

केबलवाला

नेटवर्कवाल्याचा एक प्रश्न. आमचे साहेब तिसरी कॉपी मुंबईच्या डेटा सेंटरमधे ठेवू म्हणतायत, बाकी दोन पुण्यात. चालेल?

मिताली_क

सिंक्रोनस (प्रत्येक राइटला होकाराची वाट बघणारी) नको. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. १५० किमी धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, तेही स्विच-राउटर न धरता, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. मुंबईत सर्वात भारी ड्राइव्ह लावलात तरी प्रत्येक राइट घाट उतरून चढूनच येणार. तिन्ही कॉपी पुण्यात ठेवा आणि मुंबईला मागून जाणारी प्रत पाठवा.

पंचगंगा_काठ

एसएसडी आल्या. रोज रात्री एक-दोन असं करत आठ दिवसांत सगळ्या बदलल्या. एका कनेक्शनवरून कमिट: ७००. फ्रांकफुर्टकर, ड्राइव्ह १८,००० चा आणि मिळतात ७००, हे बरोबर आहे का?

फ्रांकफुर्टकर

बऱ्यापैकी. आता डिस्कचा वाटा किरकोळ राहिला, उरलेला वेळ सेफचा स्वतःचा कोड आणि सीपीयूचा. एक सोपी गोष्ट करून बघा. सकाळच्या कामात सीपीयू बहुतेक रिकामे असतात, म्हणून ते गाढ झोपेत जातात. त्या सी-स्टेटमधून जागं व्हायला शंभरेक मायक्रोसेकंद जाऊ शकतात, आणि एका राइटच्या वाटेत तीन सर्व्हरवर मिळून अशी जाग अनेकदा येते. सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) "परफॉर्मन्स"वर ठेवा आणि खोल सी-स्टेट बंद करा. विजेचं बिल थोडं वाढेल.

पंचगंगा_काठ

केलं. ७०० चे ११०० झाले. एक पैसा खर्च नाही.

आज सकाळी मुद्दाम एका केंद्रावर जाऊन उभा राहिलो. थंडी होती, पन्नासेक माणसं रांगेत. किटली मापात ओतली, मशीनने फॅट दाखवलं आणि पावती बाहेर. एका मावशींनी ती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि शाळेची वेळ झाली म्हणत नातवाला घेऊन निघून गेल्या. सगळ्यांचे मनापासून आभार. अनुजाताई, तुमचे विशेष.

रात्रपाळी_नागपूर

आमच्याकडे पण निघाला. दहा मिनिटांचा गुन्हेगार ओएसडी नंबर तीन. नेटवर्कवाल्यांना चहा पाजून माफी मागितली.

गोंयकार_७८

पंचगंगा, त्या काढलेल्या साध्या एसएसडींचं काय करणार? विकणार असाल तर सांगा.

पंचगंगा_काठ

सात नंबरची वॉरंटीत परत गेली. उरलेल्या अकरा केंद्रांवरच्या पीसींत घालतोय, तिथे अजून फिरत्या डिस्क आहेत. विंडोज चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात म्हणून पोरं तक्रार करतायत.